वडिलांचा खटला, मुलीचं नाटक

१९३७ साली शिकागोतल्या कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी साउथ ऱ्होड्स ॲव्हेन्यूवरचं ६१४० नंबरचं घर विकत घेतलं. विकणारा राजी होता, कर्ज मंजूर झालं होतं, कागदपत्रं रीतसर झाली होती. बायको नॅनी आणि चार मुलांना घेऊन ते तिथे राहायला गेले. वस्ती गोऱ्यांची. लवकरच घरासमोर जमाव जमला आणि खिडकीची काच फोडून एक जड तुकडा आत आला. धाकट्या मुलीच्या डोक्याला तो लागता लागता राहिला. मुलगी सात-आठ वर्षांची होती. तिचं नाव लॉरेन.

ही लॉरेन हॅन्सबेरी पुढे नाटककार झाली. ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर तिच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचा पडदा उघडला. ब्रॉडवेवर नाटक आलेली ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका. तेव्हा ती २८ वर्षांची होती, आणि ३४व्या वर्षी गेलीसुद्धा.

तिच्याविषयीच्या लेखांत त्या घराचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकलेला असतो: वडिलांनी सुप्रीम कोर्टापर्यंत लढून घर राखलं आणि त्यावरून मुलीने नाटक लिहिलं. मीही बरीच वर्षं एवढंच धरून चालले होते. मग एकदा तो निकाल काय होता ते नीट वाचलं आणि चक्रावून गेले. कृष्णवर्णीय माणसाला घर विकायला बंदी घालणं बरोबर की चूक, या प्रश्नाचं उत्तर त्या निकालात नाही. वडील खटला जिंकले, पण मूळ प्रश्नाला कोर्टाने हातच लावला नाही. तो प्रश्न एकोणीस वर्षांनी मुलीने रंगमंचावर मांडला. हे कसं घडलं ते समजायला आधी कायद्याच्या थोड्या आडवाटेने जावं लागेल. कायदा वाटतो तेवढा अवघड नाही.

जमिनीला चिकटलेली अट

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येने उत्तरेच्या शहरांत येऊ लागली. शिकागोत कत्तलखाने होते, पोलादाचे कारखाने होते, रेल्वे होती, म्हणजे काम होतं. राहायला मात्र शहराच्या दक्षिण भागातली एक चिंचोळी पट्टी. तिला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणत. माणसं वाढत गेली, पट्टी तेवढीच राहिली.

कुठल्या वस्तीत कोणी राहायचं हे काही शहरांनी सरळ नियम करून ठरवायला घेतलं होतं. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. सरकारने करायचं नाही म्हटल्यावर ते काम शेजाऱ्यांनी अंगावर घेतलं. एका भागातले घरमालक एकत्र येऊन एका दस्तावर सह्या करत: अमुक वर्षांपर्यंत आपल्यापैकी कोणीही आपली मिळकत कृष्णवर्णीय माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही, राहायला देणार नाही. घरकाम करणारे नोकर, ड्रायव्हर, इमारतीची देखभाल करणारा माणूस यांना तेवढी सूट. म्हणजे कृष्णवर्णीय माणूस त्या घरात झाडू मारायला राहू शकत होता, मालक म्हणून नव्हे.

हा दस्त नोंदवला जाई आणि मग ती अट माणसाला नाही, जमिनीला चिकटे. सही करणारा मेला, त्याच्या मुलाने घर तिसऱ्याला विकलं, तरी घर घेणाऱ्याच्या डोक्यावर अट कायम. आपल्याकडे शेतातून जाणारी वहिवाटीची वाट जशी मालक बदलला तरी बदलत नाही, तसंच. १९२६ मध्ये असा एक करार सुप्रीम कोर्टापुढे आला, तेव्हा हा खासगी लोकांचा आपसांतला मामला आहे असं म्हणून कोर्टाने तो तसाच चालू दिला.

यात आणखी एक धागा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९३४ मध्ये घरकर्जांना सरकारी हमी देणारी ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ ही संस्था निघाली. कुठल्या घराच्या कर्जाला हमी द्यायची हे ठरवण्यासाठी तिने एक पुस्तिका तयार केली. घराच्या आसपास वंशावर आधारलेले असे निर्बंध असणं त्या पुस्तिकेत चांगली बाजू म्हणून धरलं होतं. म्हणजे ज्याच्या मनात काही द्वेष नाही असा साधा गोरा घरमालकसुद्धा सही करायला तयार होई, कारण सही केली की घराची किंमत टिकते हे त्याला बँकेने शिकवलं होतं. माणूस वाईट असायची गरजच उरली नाही, वहीतला हिशोब पुरेसा होता.

मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधताना दलालाने आधी आडनाव विचारलेलं ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मालक भला असतो, सोसायटी भली असते, ‘आमचं काही नाही हो, पण बाकीचे मेंबर...’ एवढंच वाक्य असतं. बाबासाहेब आंबेडकरांसारखा परदेशात शिकून आलेला माणूस १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं.

निकाल काय लागला

आता हॅन्सबेरींच्या घराकडे येऊ. ते घर अशाच एका करारात येत होतं. करारातच एक अट होती: रस्त्याकडच्या दर्शनी बाजूच्या ९५ टक्के मालकांनी सह्या केल्या तरच हा करार लागू. हॅन्सबेरी राहायला आल्यावर अ‍ॅना ली आणि इतर शेजारी कोर्टात गेले आणि करार मोडला म्हणून त्यांना बाहेर काढा असं म्हणू लागले. हॅन्सबेरींच्या वकिलांनी सह्या मोजल्या. भरल्या सुमारे ५४ टक्के. करार स्वतःच्याच अटीप्रमाणे लागू झालेला नव्हता.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथल्या, कोर्टांनी सांगितलं की हा मुद्दा आता काढता येणार नाही. का? तर याच करारावर काही वर्षांपूर्वी एक वेगळा दावा झाला होता. बर्क नावाच्या बाईंनी तो सगळ्या मालकांच्या वतीने लावला होता आणि त्यात दोन्ही बाजूंनी ९५ टक्के सह्या झाल्याचं आपसांत मान्य करून टाकलं होतं. कोणी मोजल्या नव्हत्या. कोर्टाने त्यावर निकाल दिला. एकदा निकाल लागलेला प्रश्न पुन्हा उकरायचा नाही, या तत्त्वाला आपले वकील ‘प्राङ्न्याय’ म्हणतात. इलिनॉयच्या कोर्टांनी त्याचाच आधार घेतला. करारातल्या सगळ्यांच्या वतीने दावा झाला होता, त्यामुळे निकाल सगळ्यांना बांधतो, आणि त्यांच्यापैकी एकाकडून घर घेतलेल्या हॅन्सबेरींनाही. गंमत म्हणजे हॅन्सबेरींपर्यंत ते घर पोचवण्याच्या व्यवहारात जेम्स बर्क होते, त्याच बाईंचे यजमान. करारामागच्या घरमालकांच्या संघटनेशी बिनसल्यावर ते उलट्या बाजूला गेले होते.

सोपं करून सांगते. समजा तुमच्या सोसायटीतल्या एका सभासदाने ‘सगळ्यांच्या वतीने’ म्हणून दावा लावला आणि कोर्टात कबूल केलं की भाडेकरू ठेवायला सगळ्यांचा विरोध आहे. तुम्हाला तर भाडेकरू ठेवायचा आहे. तुम्हाला कोणी विचारलंही नाही. नंतर तुम्ही कोर्टात गेलात तर उत्तर मिळतं, ‘तुमची बाजू आधीच मांडून झाली.’ कोणी मांडली? तुमच्या विरुद्ध हित असलेल्या माणसाने.

१२ नोव्हेंबर १९४० रोजी सुप्रीम कोर्टाने नेमकी हीच गोष्ट उचलली. न्यायमूर्ती स्टोन यांनी निकालपत्रात म्हटलं की करार अमलात यावा असं वाटणारे मालक आणि येऊ नये असं वाटणारे मालक यांचं हित एक नाही. मग एक गट दुसऱ्याचा प्रतिनिधी कसा होणार? म्हणून आधीचा निकाल हॅन्सबेरींना बांधत नाही. इलिनॉयचा निकाल रद्द झाला.

हॅन्सबेरी जिंकले. बाकी शहरातले करार होते तसेच राहिले. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’ हा खटला आजही शिकतात, पण दिवाणी प्रक्रियेच्या तासाला, एकाने लावलेला दावा दुसऱ्याला कधी बांधतो हे शिकण्यासाठी. असे करार कोर्टांनी अमलात आणायचे नाहीत, हा निकाल यायला १९४८ उजाडलं आणि घर विकताना-देताना भेदभाव करण्यावर देशभर बंदी आणणारा कायदा १९६८ चा. कार्ल हॅन्सबेरींनी यातलं काहीच पाहिलं नाही. अमेरिकेवरचा विश्वास उडाल्यावर त्यांनी कुटुंब मेक्सिकोला हलवायची तयारी चालवली होती आणि तिथेच १९४६ मध्ये ते वारले. लॉरेन पंधरा वर्षांची होती. वडिलांना या देशाच्या वर्णद्वेषाने मारलं असं ती पुढे म्हणत असे.

पांढरा फरकोट

कार्ल हॅन्सबेरी जागांच्या व्यवहारात पैसा कमावलेले गृहस्थ होते, आणि तो कसा कमावला हे सांगायलाच हवं. मोठमोठे फ्लॅट घेऊन ते त्यांच्या छोट्या खोल्या पाडत, प्रत्येक खोलीत जुजबी स्वयंपाकाची सोय करत आणि संडास-बाथरूम मजल्यावर सामायिक ठेवत. आपल्या चाळीची आठवण व्हावी असा प्रकार. याला ‘किचनेट’ म्हणत आणि कार्ल यांना लोक ‘किचनेटचे राजे’ म्हणत. ब्लॅक बेल्टमध्ये माणसं कोंडली गेली होती म्हणूनच तर असल्या खोल्यांना भाडेकरू मिळत होते. ज्या कोंडीविरुद्ध ते सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, त्याच कोंडीवर त्यांचा धंदा चालत होता. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाहीये. बँका दारात उभं करत नसताना कृष्णवर्णीय माणसाला पैसा करायच्या वाटा किती होत्या? पण मुलीला हे दिसत होतं.

तिने स्वतःच सांगितलेली एक आठवण आहे. मंदीचे दिवस होते. ती पाच वर्षांची असताना नाताळात आईने तिला पांढरा फरकोट आणला आणि तो घालून शाळेत पाठवलं. वर्गातल्या पोरांनी तिला बदडून काढलं. कुठलीही मुलगी त्या पोरांचा राग धरेल. लॉरेनला राग आला तो कोटाचा. त्या पोरांच्या गळ्यात घराच्या किल्ल्या असत, कारण त्यांच्या आया कामाला जात आणि पोरं शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडत. तिला त्या किल्ल्यांचं अप्रूप वाटायचं. पुढे नाटक लिहायला बसली तेव्हा तिने आपल्या सुखवस्तू कुटुंबावर लिहिलं नाही. तिने किल्लीवाल्या पोरांच्या घरावर लिहिलं, किचनेटमध्ये राहणाऱ्यांवर, म्हणजे तिच्या वडिलांच्या भाडेकरूंसारख्या माणसांवर.

मधली वर्षं भरभर सांगते. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात ती दोन वर्षं शिकली. तिथे तिने शॉन ओकेसी या आयरिश लेखकाचं ‘जुनो अँड द पेकॉक’ पाहिलं. डब्लिनमधलं गरीब कुटुंब, येऊ घातलेला पैसा, आणि त्या पैशाचं होणारं मातेरं. ते रडणं-भांडणं ऐकताना तिला वाटलं, ही आपलीच माणसं आहेत. १९५० मध्ये ती न्यूयॉर्कला आली आणि गायक-नट पॉल रॉबसन यांच्या ‘फ्रीडम’ या वृत्तपत्रात काम करू लागली. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याकडे तिने आफ्रिकेचा इतिहास शिकला. याच ड्युबॉइसना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्युबॉइसनी उत्तरही पाठवलं.

१९५३ मध्ये तिने रॉबर्ट नेमिरॉफ या ज्यू लेखकाशी लग्न केलं. त्यांनी एका मित्रासोबत लिहिलेलं ‘सिंडी, ओ सिंडी’ हे गाणं १९५६ मध्ये गाजलं आणि त्याच्या पैशांवर लॉरेनला नोकऱ्या सोडून पूर्णवेळ लिहिता आलं.

पन्नास सेंट

नाटक शिकागोच्या दक्षिण भागात घडतं. एका दमलेल्या फ्लॅटमध्ये यंगर कुटुंबाच्या तीन पिढ्या राहतात: आई लीना, तिचा मुलगा वॉल्टर ली, सून रूथ, मुलगी बेनेथा आणि दहा वर्षांचा नातू ट्रॅव्हिस. नातू बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. बाथरूम बाहेर, शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर सामायिक. नाटक सुरू होतं ते सकाळी, बाथरूम कोणाला आधी मिळतं या घाईत.

पहिल्याच प्रवेशात एक छोटी गोष्ट घडते. ट्रॅव्हिसला शाळेत पन्नास सेंट न्यायचे आहेत. आई म्हणते, नाहीत. बाप वॉल्टर हे ऐकतो, खिशात हात घालतो, पन्नास सेंट देतो आणि वर आणखी पन्नास, मजा कर म्हणून. हे देताना तो बायकोकडे बघत असतो. मुलगा खुशीत जातो. थोड्या वेळाने कामावर जायला निघालेला वॉल्टर परत फिरतो, कारण त्याच्याकडे गाडीभाड्याला पैसे उरलेले नसतात. ते त्याला रूथकडेच मागावे लागतात. भाषण नाही, वंशवादाचा उल्लेख नाही. पस्तिशीचा, दुसऱ्याची गाडी चालवणारा बाप मुलासमोर बाप दिसण्यासाठी काय करतो आणि त्याची किंमत काय, हे एका नाण्यात कळतं. हे लिहिणारी बाई तिशीच्या आतली होती याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

वारलेल्या वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार आहेत. वॉल्टरला त्यातून दारूचं दुकान काढायचं आहे, बेनेथाला डॉक्टर व्हायचं आहे. रूथला पुन्हा दिवस गेलेत, आणि या घरात आणखी एक तोंड नको म्हणून ती गर्भपात करणाऱ्या बाईला पाच डॉलर देऊन आली आहे. १९५९ च्या ब्रॉडवेवर ही गोष्ट बोलायला धैर्य लागत होतं. घर आतून मोडायला लागलंय हे बघून लीना ३,५०० डॉलर भरून एक घर घेते. घर क्लायबोर्न पार्कमध्ये आहे आणि तिथे सगळे गोरे.

गोऱ्यांच्या वस्तीतच का? लीनाचं उत्तर साधं आहे. कृष्णवर्णीयांसाठी बांधलेली घरं लांब आणि दुप्पट महाग, म्हणून कमीत कमी पैशांत चांगल्यात चांगलं जे मिळालं ते तिने घेतलं. वर सांगितलेलं करारांचं, कर्जाचं, चिंचोळ्या पट्टीचं सगळं अर्थकारण या एका उत्तरात आहे. गिऱ्हाइकं खूप आणि जागा थोडी म्हटल्यावर भाव चढणारच. लीना क्रांती करायला निघालेली नाही. ती भाव करणारी गृहिणी आहे.

उरलेले ६,५०० ती वॉल्टरला देते, त्यातले ३,००० बहिणीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवायला सांगून. तो सगळे दुकानात घालतो आणि भागीदार पैसे घेऊन पळतो.

या दोन घटनांच्या मध्ये दार वाजतं आणि कार्ल लिंडनर आत येतो. नाटकातलं हे एकमेव गोरं पात्र. तो ओरडत नाही. बुजरा आहे, हातात हॅट आणि बॅग. आपण क्लायबोर्न पार्कच्या रहिवाशांच्या संघटनेकडून आलोय म्हणतो, स्वागताबद्दल बोलतो, माणसांनी एकमेकांशी बसून बोलावं म्हणतो. यंगर मंडळींना आधी वाटतं, भला माणूस आहे. मग हळूच मुद्दा येतो: आमचे लोक कष्टाळू, साधे आहेत, तुमचे लोक तुमच्यातच सुखी राहतात, आणि म्हणून संघटना हे घर तुमच्याकडून जास्त पैसे देऊन परत घ्यायला तयार आहे.

लिंडनर इतका गोड का बोलतो, आणि खटला लावण्याऐवजी पैसे का देऊ करतो? नाटकाचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. १९४८ नंतर करारावर बोट ठेवून कोर्टाकडून कोणाला हाकलता येत नव्हतं. कायद्याचं दार बंद झालं तेव्हा चहाच्या कपावरचं बोलणं सुरू झालं, आणि त्यामागे बोलून न दाखवलेली दुसरी गोष्ट उभी होती. १९५१ मध्ये शिकागोला लागून असलेल्या सिसरो गावात एका कृष्णवर्णीय कुटुंबाने फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा हजारोंच्या जमावाने इमारत फोडली आणि नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. लिंडनरच्या गोड आवाजामागे प्रेक्षकाला तो जमाव ऐकू येतो.

पैसे बुडाल्यावर वॉल्टर लिंडनरला परत बोलावतो. घर देऊन टाकायचं, पैसे घ्यायचे. लीना अडवत नाही. एकच करते: ट्रॅव्हिसला बाहेर जाऊ देत नाही. बाप काय करतो ते मुलाने बघायला हवं. मुलासमोर वॉल्टरच्या तोंडून पैसे मागणं निघत नाही. अडखळत तो सांगतो की आम्ही त्या घरात राहायला जाणार, कारण आमच्या वडिलांनी ते एकेक वीट करून कमावलंय. पहिल्या प्रवेशातल्या पन्नास सेंटची आठवण ठेवा आणि हा प्रसंग वाचा. तोच बाप, तोच मुलगा.

नाटकाचं नाव लँग्स्टन ह्यूज यांच्या कवितेतून घेतलं आहे. लांबणीवर टाकलेलं स्वप्न उन्हातल्या मनुक्यासारखं सुकून जातं का, असं ती कविता विचारते.

सुखान्त?

नाटकाला पैसे घालायला मोठे निर्माते तयार नव्हते. फिलिप रोझ या संगीत प्रकाशकाने, आधी एकही नाटक काढलेलं नसताना, वर्षाहून जास्त काळ फिरून लहान लहान रकमा गोळा केल्या. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स कृष्णवर्णीय, ब्रॉडवेवर हे पहिल्यांदाच. वॉल्टर सिडनी पॉइटिए, रूथ रूबी डी, लीना क्लॉडिया मॅकनील. न्यू हेवन, फिलाडेल्फिया, शिकागो असं फिरून नाटक न्यूयॉर्कला आलं. एफबीआयची लॉरेनवर आधीपासून पाळत होती, आणि फिलाडेल्फियाच्या प्रयोगाला त्यांचा एक माणूस बसला होता. त्याने अहवाल दिला की नाटकात साम्यवादाचा प्रचार सापडत नाही.

ब्रॉडवेवर ५३० प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा त्या वर्षीचा पुरस्कार तिला मिळाला. तो मिळवणारी ती सर्वांत लहान वयाची अमेरिकन आणि पहिली कृष्णवर्णीय नाटककार. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी लिहून ठेवलंय की कृष्णवर्णीय लोकांना थिएटरात एवढ्या संख्येने आलेलं त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

पण कौतुकात एक खोट होती. कित्येक गोऱ्या समीक्षकांना हे एका कष्टाळू कुटुंबाचं गोड नाटक वाटलं, शेवटी घर मिळालं, सुखान्त. लॉरेनला हे फार लागलं. हा सुखान्त वाटणाऱ्यांनी यंगर कुटुंब जिथे चाललंय तिथे स्वतः राहून बघावं, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं, पण पहिल्या प्रयोगातून काही गोष्टी गळल्या होत्या हेही खरं. शेजारीण मिसेस जॉन्सन वर्तमानपत्र घेऊन येते आणि गोऱ्या वस्तीत राहायला गेलेल्या कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकल्याची बातमी मिटक्या मारत सांगते, तो प्रवेश तेव्हा कापला होता, पुढच्या छापील आवृत्त्यांत तो परत आला. मला तो प्रवेश असलेलं नाटकच पूर्ण वाटतं. त्या बाईच्या बडबडीमुळे शेवटचं सामान बांधणं धडधडत बघावं लागतं. त्याआधीच्या एका खर्ड्यात तर शेवटच वेगळा होता: यंगर कुटुंब नव्या घरात अंधारात, हातात शस्त्रं घेऊन, हल्ल्याची वाट बघत बसलं आहे.

पुढची सहा वर्षं ती थांबली नाही. गुलामगिरीवर टेलिव्हिजनसाठी लिहिलेलं ‘द ड्रिंकिंग गोर्ड’ वाहिनीने बासनात ठेवलं. मे १९६३ मध्ये बाल्डविन यांच्याबरोबर ती ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना भेटली, त्यांना कळतच नाहीये असं दिसल्यावर उठून निघून आली. स्त्रियांवरच्या तिच्या प्रेमाविषयी तिने १९५७ मध्ये एका मासिकाला फक्त आद्याक्षरांची सही करून पत्रं लिहिली होती. ती बाजू वाचकांसमोर उघडपणे यायला अनेक दशकं गेली. दुसरं नाटक ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टाइन्स विंडो’ ऑक्टोबर १९६४ मध्ये आलं तेव्हा तिला स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला होता. नाटक तोट्यात होतं, पण रंगभूमीवरच्या लोकांनी वर्गणी काढून ते चालू ठेवलं. १०१ प्रयोग झाले. १२ जानेवारी १९६५ रोजी ती गेली आणि नाटकही थांबलं. अपुरं राहिलेलं ‘ले ब्लाँ’ नेमिरॉफ यांनी जुळवून १९७० मध्ये रंगमंचावर आणलं. त्यांचा घटस्फोट झालेला होता, तरी तिचं लेखन शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं.

आजारी असताना, एप्रिल १९६४ मध्ये, तिने न्यूयॉर्क टाइम्सला एक पत्र लिहिलं. ते छापलं गेलं नाही. आंदोलकांनी रस्ते अडवण्यापेक्षा सनदशीर मार्गाने जावं असं तेव्हा सगळे सांगत होते. त्याला उत्तर म्हणून तिने आपल्या घराची गोष्ट सांगितली. वडिलांनी आयुष्याची वर्षं, पैसा आणि बुद्धी त्या सनदशीर मार्गावर खर्च केली. शाळेत जाता-येता तिच्यावर लोक थुंकत, शिव्या देत, मारत. पुढे तिला आठवते ती आई. वडील वॉशिंग्टनच्या कोर्टात लढाईचा प्रतिष्ठित भाग लढत होते, तेव्हा आई भरलेलं जर्मन पिस्तूल हातात घेऊन रात्रभर घरात पहारा देत फिरत होती, आणि आत चार मुलं झोपली होती.